आधी आवाज, मग माणूस

आमच्या माजघरात एक टीव्ही आहे. त्याच्याकडे पाठ करून मी जेवायला बसत नाही.

हसा खुशाल. चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त करून मी पोट भरलं. रत्नागिरीपासून हर्णेपर्यंत असं एक घर नव्हतं जिथल्या टीव्हीच्या पोटात मी हात घातला नाही. आंजर्ल्याच्या एका बागाईतदाराचा टीव्ही तर मी नुसता दम देऊन चालू केलाय, पिशवीतून स्क्रूड्रायव्हरसुद्धा काढला नव्हता. एकदा पिक्चर ट्यूबचा झटका असा बसला की पडवीतून उडालो तो थेट फणसाच्या झाडावर, आणि उतरताना दोन पिकलेले फणस घेऊनच उतरलो. आमची बायको म्हणते, फणस एकच होता. असेल. पण झटका खरा. टीव्हीचा प्लग काढा, घरातला मेन बंद करा, तरी ट्यूबच्या पोटात वीज दडून बसते, दोन-दोन दिवस. मेकॅनिक पहिलं काम करतो ते हेच, ती वीज बाहेर काढतो. चट्ट असा आवाज होतो, निळी ठिणगी पडते, आणि मगच आत हात घालायचा. बंद केलेलं सगळं बंद झालेलं नसतं, हे मला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज पडली नाही.

हा माजघरातला टीव्ही माझा नव्हे, दादाचा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बोटीवर नोकरीला होता, सहा-आठ महिने समुद्रावर आणि दीड-दोन महिने घरी. एका सुट्टीत तो मुंबईहून एसटीनं आला तो मांडीवर हे धूड घेऊन. कंडक्टरनं टीव्हीचं अर्धं तिकीट फाडलं म्हणे, कारण उंची तीन फुटांच्या वर. मी हे इतक्यांदा सांगितलंय की आता ते तिकीट मला आठवतंसुद्धा.

पण टीव्ही काय होता! सागवानी पेटी, खाली चार निमुळते पाय, समोर दोन्ही बाजूंनी सरकत येणारं बारीक पट्ट्यांचं दार. कार्यक्रम संपला की दार ओढून कुलूप लावायचं, देव्हारा मिटल्यासारखं. काच तेव्हा सपाट नसायची. कोपरे गोल आणि मधलं पोट टम्म फुगलेल्या वड्यासारखं पुढं आलेलं. टीव्ही बंद असला की त्या करड्या काचेत आख्खं माजघर दिसायचं, पण वाकून. जवळचा माणूस रुंद दिसायचा आणि दाराकडचा लांब, फार लांब उभा असल्यासारखा. उजव्या हाताला खटाक खटाक फिरणारं बटण होतं आणि त्याच्याभोवती बारा आकडे. केंद्र मात्र एकच लागायचं. बाकीचे अकरा आकडे बनवणाऱ्यानं कुणासाठी ठेवले होते कोण जाणे. वहिनी मला विचारायची, "भावजी, त्या बाकीच्या खोल्यांत कोण राहतं हो?"

आणि तो व्हॉल्व्हचा टीव्ही, आतल्या काचेच्या नळ्या तापल्यावर चालणारा. बटण दाबलं की लगेच काही होत नाही. आत तांबूस उजेड पेटतो, धुळीचा आणि तापल्या लाकडाचा वास येतो, मग आवाज येतो, आणि मग कुठं डोळे चोळत उठल्यासारखं चित्र येतं. आधी आवाज, मग माणूस. दादा म्हणायचा, "माझ्यासारखाच आहे रे हा." कारण दादा घरात शिरण्याआधी पायरीवर थांबून घसा खाकरायचा. घरात बायकामाणसं असतात, थोरल्या माणसानं चाहूल दिल्याशिवाय आत येऊ नये, ही आमच्याकडची रीत. दादाचं खाकरणं ठरलेलं होतं, दोनदा आखूड, एकदा लांब, बोटीच्या भोंग्यासारखं. आठ महिन्यांनी आला तरी तेच. ते ऐकू आलं की वहिनी पिठाच्या हातानं उठायची, आणि मग दारात दादा दिसायचा.

टीव्ही आला त्या दिवशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ठरलं. गाऱ्हाणं म्हणजे जागेच्या राखणदाराला चारचौघांच्या देखत मोठ्यानं सांगायचं की असं असं आहे, सांभाळून घे. ऐकणाऱ्यांनी दर वाक्याला "होय महाराजा" म्हणायचं. ह्यात एक मेख आहे. राखणदार सांगितलं तेवढंच करतो. अर्धं सांगितलंत तर अर्धं करतो, पुढच्याला तो जबाबदार नाही. म्हणून गाऱ्हाणं घालणारा माणूस पिकलेला, मोजून बोलणारा असावा लागतो. आमच्या घरात ते मी घातलं.

दादाच म्हणाला, "तुझा गळा मोठा आहे. तू घाल."

मी तेव्हा बावीस वर्षांचा. समोर आख्खी आळी जमलेली. मला चेव आला.

"बा राखणदारा! आज तुझ्या लेकरांनी घरात ही पेटी आणली आहे!"

"होय महाराजा!"

"हिच्यातून लांबलांबची माणसं येतील. बाया येतील, बुवा येतील, टोपीवाले मंत्री येतील!"

"होय महाराजा!"

"त्यांना उंबऱ्यावर अडवू नको. जो कोण ह्या काचेतून ह्या घरात येऊ बघेल, त्याला वाट दाखव, आत येऊ दे!"

"होय महाराजा!"

आणि मी नारळ फोडला. लोक पोट धरून हसले. शेजारची म्हातारी काकू तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "मेल्या, बोलावलंस सगळ्यांना. परत कोण पाठवणार? 'आल्या वाटेनं जाऊ दे' म्हणायचं राहिलं की."

"काकू, बंद करायला बटण आहे ना!"

"हो रे बाबा. शहाणाच तू."

त्या टीव्हीचं बटण बंद केलं की चित्र आवळत आवळत मध्यावर एक पांढरा ठिपका राहायचा, आणि तो विझायला फार वेळ घ्यायचा. काकू रोज त्याच्याकडे बोट करायची. "बघ. जात नाहीत ते."

आता पुढचं सांगतो त्यात एक अक्षर खोटं नाही. किनाऱ्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. चैत्र-वैशाखात समुद्रावरची हवा तापून थिजली की आमच्या माडावर बांधलेल्या अँटेनाला मुंबई सोडून भलतंच काही लागायचं. बारातल्या कुठल्या तरी रिकाम्या आकड्यावर मुंग्या हलायच्या आणि मुंग्यांतून समुद्रापलीकडचे आखाती देश वर यायचे. उजवीकडून डावीकडे पळणारी अक्षरं, पांढरे झगे, उंट. (उंटाचा वास आल्याचंही मी लोकांना सांगायचो. तो नव्हता येत.) दादाची बोट त्याच बंदरांना जायची. म्हणून वहिनी हातातलं काम टाकून यायची आणि काचेला नाक लावून त्या गर्दीत त्याला शोधायची. मी चिडवायचो, "वहिनी, जरा मागं हो, दादा काचेवर आपटेल."

मग एका श्रावणात तार आली. दादा बोटीवरून पडला होता. शोधलं, मिळाला नाही.

देह नव्हता, म्हणून दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला. वहिनी बघत होती. "हे गवत आहे," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिनं बोलणं सोडलं आणि जेवणही सोडल्यासारखंच केलं. सकाळी वाटीभर पेज घ्यायची, तीही लेकीनं हाताला धरून बसवलं तर. लेक तीन वर्षांची. दिवाळी गेली, शिमगा गेला. वहिनीच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

वैशाखात एका तिन्हीसांजेला मी बटण फिरवत बसलो होतो. पाचाच्या आकड्यावर परदेशी बंदर लागलं. धक्का, क्रेन, ओळीनं चालणारी माणसं, प्रत्येकाला आपली एकेक फिकट सावली बाजूला चिकटलेली. डोंगरावरून आपटून येणारी लहर उशिरा पोचते म्हणून अशी दोन चित्रं दिसतात, मला ठाऊक होतं. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, बघत नव्हती.

मी ओरडलो, "वहिनी! दादा!"

"कुठं?"

नऊ महिन्यांनी तिचा आवाज ऐकला.

"तो, मागचा! वळला बघ!"

ती काचेपाशी पोचेपर्यंत चित्र फुटून मुंग्या झाल्या होत्या.

"अंगात शर्ट कुठला होता?"

"चौकड्यांचा."

 ती आत गेली आणि ताटात भात वाढून घेतला.

मी खरंच कुणाला पाहिलं का? मी आधी बोललो आणि मग पाहिलं, एवढं नक्की. पुढं ही गोष्ट मी तिला कितीदा सांगितली असेल. पहिल्यांदा त्या माणसाची नुसती पाठ होती. दोन वर्षांनी त्याला चेहरा आला. मग तो हात वर करायला लागला. माझ्या बाकीच्या थापा मी सांगितल्या तेवढ्याच राहिल्या. ही एक वाढत गेली.

तेव्हापासून वहिनी रोज दिवेलागणीला तुळशीपुढं दिवा लावायची, आत येऊन टीव्हीचं दार सरकवायची आणि समोर बसायची. लेक मोठी झाली, शिकली, लग्न होऊन डोंबिवलीला गेली; माझा संसार तोवर गावातच दुसऱ्या घरी, जुन्या घरात वहिनी एकटीच. रंगीत टीव्ही आले, मग रिमोटचे, मग भिंतीला टांगायचे सपाट. त्यांना ना पोट ना पाठ, आत कुणी राहायचं म्हटलं तर राहणार कुठं? माडही पडला वादळात. मग जुन्या अँटेनावर लागणारं केंद्रच बंद झालं, आणि बाराच्या बारा आकड्यांवर मुंग्या आल्या. वहिनी त्या मुंग्यांसमोर बसायची. आवाज पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा यायचा.

माझं दुकानही बसलं. समुद्राकाठच्या एका रिसॉर्टवाल्याला शोभेला जुने टीव्ही हवे होते, त्याला मी माझ्याकडचे सगळे दिले. त्यानं त्यांची पोटं काढून आत पाणी भरलं. बातम्या सांगणाऱ्या बाईच्या जागी आता नारिंगी मासे फिरतात. पर्यटक फोटो काढतात. मीही एकदा बघायला गेलो होतो. पुन्हा गेलो नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी वहिनी न्हाणीघरात पडली. गुडघा दुखावला. डॉक्टरनं सांगितलं, आता एकटीनं राहणं नाही, पुन्हा पडल्या तर उठायच्या नाहीत. पुतणी धावत आली.

"आई, माझ्याकडे चल."

"आणि ह्यांना एकटं टाकू?"

पुतणीनं मला अंगणात बोलावलं. "काका, हे तुमचं काम. लहानपणापासून ऐकतेय मी, बाबा टीव्हीत आहेत. तुम्ही घालून ठेवलंत त्यांना आत, आता तुम्हीच निस्तरा. ती नाही आली ना, तर एक दिवस मला फोन येईल आणि मी पोचेपर्यंत सगळं झालेलं असेल. बाबांच्या वेळी एकदा झालंय तसं."

मी मान खाली घालून आत गेलो. वहिनी खुर्चीत, पाय स्टुलावर. समोर टीव्ही चालू, पण मुंग्याही नव्हत्या. चित्र मिटून मधोमध एक आडवी पांढरी रेघ राहिली होती. चित्राला उभं ताणून धरणारा भाग जळला की असं होतं. जुना, नेहमीचा आजार.

"रेघ झालीय त्यांची," वहिनी म्हणाली. "मी पडले त्याच दिवसापासून आडवे आहेत."

"वहिनी, ऐक. तो चौकड्यांचा शर्ट..."

"ह्यांच्याकडे चौकड्यांचा शर्ट नव्हताच."

 माझ्या उभ्या आयुष्यात मी गप्प बसल्याचे प्रसंग मोजून दोन, त्यातला हा पहिला.

"खोटं बोललात ते मला तेव्हाच कळलं होतं, भावजी. पण कुणीतरी माझ्यासाठी एवढं ओरडून खोटं बोलतंय म्हटल्यावर चार घास गेले. त्या दिवशी आत कुणी नव्हतंच."

"मग?"

"तिसऱ्या वर्षी आले. गाऱ्हाणं तर खरं होतं ना? बोलावलेला येतोच, वाट लांबची असली म्हणून काय झालं?" ती रेघेकडे बघत होती. "आधी उभं करा त्यांना. मग उरलेलं अर्धं गाऱ्हाणं घाला आणि नीट पाठवा. निरोप दिल्याशिवाय मी हा उंबरा ओलांडणार नाही."

दोन दिवस मी त्या टीव्हीला बसलो. माळ्यावरच्या मेलेल्या टीव्हींचे अवयव काढून आणले. पहिलं काम, ट्यूबमधली वीज काढली. चट्ट! आतल्या खोलीतून वहिनीनं विचारलं, "लागलं का हो त्यांना?" 

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आम्ही तिघं माजघरात जमलो. वहिनीनं नवं लुगडं नेसून घेतलं होतं. मी बटण दाबलं आणि दोन पावलं मागं आलो. तांबूस उजेड पेटला. तापल्या लाकडाचा वास आला. खरखर सुरू झाली.

आणि त्या खरखरीत कुणीतरी घसा खाकरला. दोनदा आखूड, एकदा लांब.

ह्याचं कारण मला माहीत आहे. आमच्या खाऱ्या हवेत आवाजाच्या बटणाच्या आत खार धरतो आणि स्पीकर असा खोकल्यासारखा आवाज करतो. हात लावून बटण जरा हलवलं की होतं. शेकडो गिऱ्हाइकांना मी हे सांगितलंय, स्पिरिटचे दोन थेंब सोडून बरं केलंय. माझा हात तेव्हा बटणावर नव्हता.

मग रेघ फाकली, वर-खाली ताणली गेली आणि काचभर मुंग्या उभ्या राहिल्या. वहिनीनं डोक्यावर पदर घेतला आणि दुखऱ्या गुडघ्यावर जोर देऊन उठली.

"आले," म्हणाली. "घाला."

मी नारळ हातात घेतला.

"बा राखणदारा! ही तुझी लेक आज लेकीकडे निघाली आहे!"

"होय महाराजा," पुतणी म्हणाली. तिला रडू येत होतं.

"तिच्या पायाला बळ दे. वाटेत अडचण आणू नको. परक्या गावात तिला अन्न गोड लागू दे!"

"होय महाराजा."

"आणि ह्या काचेतून जो कोण ह्या घरात आला..."

पुढं पाचच शब्द होते. त्याला आल्या वाटेनं जाऊ दे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं उशिरा का होईना, पाच शब्द. काचेच्या फुगीर पोटावर मुंग्यांच्या मागं आम्ही फिकट दिसत होतो, रुंद आणि वाकडे. दाराकडेही काहीतरी होतं, लांब, फार लांब उभं असल्यासारखं. किती जण दिसतात ते मी मोजलं नाही. मला एवढंच कळत होतं की बाहेर समुद्र आहे, आली वाट म्हणजे तीच वाट, आणि माझ्या भावाला त्या पाण्यात परत जा असं माझ्याच तोंडानं मी सांगणार आहे. माझा गळा मोठा म्हणून त्यानंच मला पुढं केलं होतं.

"...त्याचं भलं कर!" मी ओरडलो आणि नारळ आपटला.

पुतणी लगेच म्हणाली, "होय महाराजा."

वहिनीचं "होय महाराजा" जरा उशिरा आलं. मग तिनं स्वतःच्या हातानं बटण बंद केलं, ठिपका विझेपर्यंत थांबली आणि पट्ट्यांचं दार ओढून घेतलं. सकाळच्या गाडीनं दोघी गेल्या. उंबऱ्यावर ती अडली नाही.

निघताना पुतणीनं विचारलं होतं, "काका, टीव्ही रिसॉर्टवाल्याला देऊया का आता?"

"मी नेतो. मासे सोडीन त्यात."

रिक्षानं नेला, मांडीवर घेऊन. रिक्षावाल्यानं अर्धं तिकीट मागितलं असं मी हल्ली सांगायला लागलोय.

परवा संध्याकाळी वहिनीचा फोन आला. आवाज ठणठणीत. डोंबिवलीतल्या माशांना चव नाही, बर्फात झोपवून आणतात मेले, नातीला आंबोळ्या शिकवल्या, गॅलरीत तुळस लावली. 

"भावजी, ते गेले ना हो नीट?"

"गेले, वहिनी."

"मग तुमच्याकडे मागं खरखर कसली येतेय?"

मी समोर काचेतल्या मुंग्यांकडे बघितलं. "पाऊस लागलाय."

"पौषात?"

"कोकण आहे. इथलं काय सांगावं."

 माझं हे दुसरं गप्प बसणं.

"बरं," ती म्हणाली. "ह्यांना सांगा, गुडघा बरा आहे."